पुण्यात सायकलचे जुने पार्ट घ्यायचे, द्यायचे, बदलायचे असतील तर

लॉकडाऊनमध्ये पुण्यात ज्याला बघावं त्याने गिअरची सायकल घेतली होती. त्यातल्या बऱ्याचशा आता सोसायटीच्या पार्किंगमध्ये उभ्या आहेत, टायर बसलेले, चेन गंजून लाल झालेली, सीटवर बोटभर धूळ. दुसरीकडे कर्वे रोडने रोज सायकलवर ऑफिसला जाणारा माणूस शोरूममध्ये नवीन मागचं चाक विचारायला जातो आणि भाव ऐकून मुकाट्याने परत येतो. या दोघांची गाठ पडली की दोघांचंही काम होतं, आणि पुण्यात ती रोज कुठे ना कुठे पडत असते, फक्त नवीन माणसाला त्यात शिरायचं कसं ते कळत नाही. कोणी विचारतं कॅसेट आहे का फ्रीव्हील, कोणी म्हणतं आधी स्पीड सांग, आणि आपण आपले "२१ गिअरची आहे हो" एवढंच सांगत बसतो.

म्हणून हे सगळं एका जागी लिहितोय. एक नियम पक्का धरा: माप आधी, भाव नंतर. फुकट मिळालेला पार्टसुद्धा बसला नाही तर घरात एक भंगार वाढलं एवढंच.

जवळ काय पाहिजे

- वर्नियर कॅलिपर. प्लॅस्टिकचा डिजिटल स्वस्तात मिळतो, आपल्या कामाला पुरतो.
- १२ इंची स्टीलची पट्टी. शाळेतली प्लॅस्टिकची नको, तिचं शून्य कडेपासून थोडं आत असतं.
- ॲलन कीचा सेट. ४, ५ आणि ६ नंबरच्या सगळ्यात जास्त लागतात.
- पेडलसाठी १५ चा पान्हा, बारीक जाडीचा.
- ग्रीसची छोटी डबी आणि जुनं फडकं.
- तुमच्या सायकलचं बिल आणि फ्रेम नंबरचा फोटो. नंबर बहुतेक वेळा दोन्ही पेडलांच्या मधोमध, बॉटम ब्रॅकेटच्या (पेडलचे दांडे फ्रेममध्ये जिथे फिरतात त्या नळीच्या) खालच्या बाजूला कोरलेला असतो, सायकल उलटी केली की दिसतो.

१. आधी आपल्या सायकलची मापं लिहून काढा

एक रविवार सकाळ काढा, सायकल उलटी करा आणि फोनमध्ये एक नोट उघडा.

टायरपासून सुरुवात. टायरच्या कडेला ३७-६२२ असा काहीतरी आकडा उठवलेला असतो. पहिला आकडा टायरची रुंदी, दुसरा रिमवर टायर जिथे बसतो तिथला व्यास, दोन्ही मिलिमीटरमध्ये. दुसरा आकडा जुळला तरच टायर रिमवर चढतो, नाही जुळला तर कितीही ताकद लावा. ७००सी आणि २९ इंची म्हणतात ते दोन्ही ६२२ च, फक्त २९ वाला टायर जाड असतो आणि तो तुमच्या फ्रेममध्ये आणि चिमट्यात (फोर्कमध्ये) मावेल का ते वेगळं बघावं लागतं. २७.५ म्हणजे ५८४. सगळ्यात मोठा घोळ २६ मध्ये आहे. २६ x १.९५ असं दशांशात लिहिलं असेल तर तो ५५९, आणि २६ x १ ३/८ असं अपूर्णांकात लिहिलं असेल तर ५९०. दोन्हीवर २६ लिहिलेलं, दोन्ही विकणारे छातीठोकपणे सांगणार की २६ चाच आहे, आणि फरक ३ सेंटिमीटरचा. दूधवाल्याच्या, वॉचमनच्या काळ्या सायकलचा २८ x १ १/२ हा तर अजून वेगळा, ६३५.

मग मागच्या चाकावरचे दातांचे चक्के मोजा. २१ गिअर म्हणजे पुढे ३ आणि मागे ७, तर आपल्या कामाचा आकडा ७, यालाच ७ स्पीड म्हणतात. मागच्या डिरेलरवर (चेन एका चक्क्यावरून दुसऱ्यावर सरकवणारा भाग), बऱ्याचदा त्याच्या पाठीवर, बारीक अक्षरात मॉडेल नंबर असतो, त्याचा फोटो काढा. सीटपोस्ट, म्हणजे सीटखालचा दांडा, बाहेर काढला की खालच्या भागात त्याचा व्यास कोरलेला सापडतो, २७.२, ३०.९, ३१.६ वगैरे. इथे अर्धा मिलिमीटर इकडचा तिकडचा चालत नाही, बारीक पोस्टला पत्र्याची पट्टी गुंडाळून बसवणारे लोक आहेत पण तुम्ही त्या वाटेला जाऊ नका.

बाकी पटापट: ब्रेक कुठला (चिमट्याला दोन बाजूंना दोन उभे हात असलेला व्ही-ब्रेक, टायरवरून कमानीसारखा येणारा कॅलिपर, का डिस्क, आणि डिस्क असेल तर केबलचा का तेलाचा), मागचा हब (चाकाचा मधला भाग) फ्रेममध्ये बसतो ती आतली रुंदी (जुन्या रोड सायकलला बहुतेक १३० मिमी, एमटीबी म्हणजे माउंटन बाइक आणि हायब्रिडला १३५), हँडलची स्टेममध्ये (हँडल पकडून ठेवणारा पुढचा तुकडा) बसते तिथली जाडी (२५.४ किंवा ३१.८), आणि ट्यूबचा व्हॉल्व्ह. व्हॉल्व्ह मोटरसायकलसारखा जाडा असेल तर पेट्रोल पंपावर हवा भरता येते, बारीक प्रेस्टा असेल तर पितळेचा छोटा ॲडाप्टर खिशात ठेवावा लागतो. बारीक व्हॉल्व्ह जाड भोकात जमवता येतो, जाडा व्हॉल्व्ह बारीक भोकात जात नाही, आणि म्हणून रिमला ड्रिल मारणारेही मी पाहिलेत. नका मारू.

२. जुनं काय घ्यावं आणि काय नाही

बिनधास्त घ्या: सीट, ॲल्युमिनियमचा सीटपोस्ट, स्टेम, सरळ हँडल, पेडल, मडगार्ड, कॅरिअर, बाटलीची जाळी, स्टँड. यात बिघडण्यासारखं फार काही नसतं, जे असतं ते डोळ्याला दिसतं.

बघून घ्या: चाकं, डिरेलर, शिफ्टर (हँडलवरचा गिअर बदलायचा खटका), क्रँक (पेडलचा दांडा), कॅसेट (मागच्या चक्क्यांचा संच), डिस्क ब्रेक.

नका घेऊ: हेल्मेट, कार्बनचं हँडल किंवा कार्बनचा फोर्क, जुनी चेन, केबल, ब्रेक पॅड. हेल्मेटच्या आतला फोम एकदा आपटला की त्याचं काम संपलं, वरून दिसताना मात्र नवंकोरं दिसतं, आणि समोरचा "कधीच पडलो नाही" म्हणतो ते तपासायची काही सोय नाही. कार्बनचंही तेच, आतला तडा बाहेर दिसेलच असं नाही. आणि चेन-केबल नव्या घेतल्या तरी फार महाग नसतात, उगाच तिथे वाचवू नये.

३. विचारायचं कसं

"दादा सायकलला चांगला गिअर सेट सुचवा, बजेट कमी आहे." सायकलवाल्यांच्या ग्रुपवर टाकलेल्या असल्या मेसेजला एकतर कोणी उत्तर देत नाही नाहीतर पंचवीस जण पंचवीस गोष्टी सांगतात. त्याऐवजी असं लिहा:

"मागे ७ स्पीड फ्रीव्हील, १४-२८ दात. मागचा डिरेलर शिमानो, मॉडेलचा फोटो जोडलाय. पुढे ३. रोज कोथरूड ते औंध, रविवारी कधीतरी सिंहगड पायथा. चढाला सगळ्यात हलका गिअरही जड जातो. मोठा चक्का असलेला ७ चा फ्रीव्हील कोणाकडे आहे का? बदल्यात जवळजवळ न वापरलेला कॅरिअर आहे."

याला तासाभरात काहीतरी येतंच, कारण वाचणाऱ्याला घरातल्या खोक्यात काय शोधायचं ते कळलं. रोज सायकल चालवणाऱ्या प्रत्येकाच्या घरी असं एक खोकं असतंच, पलंगाखाली किंवा माळ्यावर, आणि घरच्यांचा त्यावर डोळा असतो, त्यामुळे द्यायला तो तयारच असतो.

सल्ला देणाऱ्याला एक उलटा प्रश्न जरूर विचारा: तुम्ही कुठे चालवता? २०० किमीची ब्रेव्हे (ठरलेल्या वेळेत पुरी करायची लांब पल्ल्याची राइड) साडेतेरा तासांत संपवायची असते, तसली राइड करणारा जो टायर सांगेल तो त्याच्यासाठी बरोबर असेल, तुम्हाला मात्र मेट्रोच्या कामानंतर उरलेल्या रस्त्यावरून, पावसात, पाठीवर लॅपटॉप घेऊन जायचंय. शहरात रोजच्या वापराला मी तरी ३२ ते ३८ मिमी रुंद टायरच्या खाली जाणार नाही. बारीक टायरवर गटाराच्या झाकणांशी भांडत बसायची हौस असेल तर गोष्ट वेगळी.

४. कशाला काय बसतं (पैसे जातात ते इथे)

फ्रीव्हील का कॅसेट. मागचं चाक काढा, चक्क्यांच्या मधोमध जिथे पान्हा लागतो ती खाचांची गोल जागा बघा. चक्के उलटे फिरवा. ती खाचांची जागा चक्क्यांबरोबर फिरली तर कॅसेट, ती जागेवर राहिली आणि चक्के तिच्याभोवती फिरले तर फ्रीव्हील. फ्रीव्हील हबवर आट्यांनी बसतो, कॅसेट हबच्या खाचांवर सरकवून वरून रिंगने आवळतात. म्हणजे फ्रीव्हीलच्या चाकावर कॅसेट बसत नाही, बसवायची तर अख्खं चाकच बदलावं लागतं. "८ स्पीडची कॅसेट स्वस्तात मिळाली" म्हणून घेतली आणि घरी फ्रीव्हीलचं चाक निघालं, हा पुण्यातला सगळ्यात नेहमीचा किस्सा असावा, कारण कमी किमतीच्या गिअरच्या सायकलींना बहुतेक फ्रीव्हीलच असतो.

किती स्पीड. शिमानोच्या ८, ९, १० स्पीडच्या कॅसेट एकाच हबवर बसतात, १० ला कधीकधी बारीक वायसर लागतो. ७ ची कॅसेटही त्यावर बसते, मागे साडेचार मिमीचा स्पेसर टाकावा लागतो. रोडच्या ११ स्पीडला हब जास्त लांब लागतो, तिथे जुना चालत नाही. कॅसेट बसली म्हणजे गिअर पडतील असंही नाही हां, शिफ्टर तेवढ्याच स्पीडचा पाहिजे आणि चेन त्या स्पीडची.

डिरेलर. शिमानोचे ७-८-९ स्पीडच्या जमान्यातले मागचे डिरेलर, रोडचे काय आणि एमटीबीचे काय, एकमेकांच्या शिफ्टरवर चालून जातात. १० पासून एमटीबीची केबलची खेच वेगळी झाली, तिथून पुढे अंदाजाने घेऊ नका. शिमानोचा शिफ्टर आणि स्रॅम या दुसऱ्या कंपनीचा डिरेलर ही जोडी तर धरूच नका, ज्याने ती चालवून दाखवली तो तुम्हाला जुगाडाची पूर्ण गोष्ट सांगत नाहीये. आणि चढासाठी मोठा चक्का लावणार असाल तर डिरेलरला मोठ्यात मोठा किती दातांचा चक्का झेपतो ते मॉडेल नंबरवरून शिमानोच्या साइटवर आधी बघून घ्या.

ब्रेकची दांडी. व्ही-ब्रेकला केबल जास्त ओढावी लागते, रोडच्या कॅलिपरला कमी. म्हणून ड्रॉप हँडलची (रोड सायकलच्या खाली वळलेल्या हँडलची) दांडी व्ही-ब्रेकला जोडली की ब्रेक नीट लागतच नाही. दिसायला केबल तीच, जोडता पण येते, आणि म्हणूनच हे धोक्याचं आहे. तेलाच्या डिस्क ब्रेकमध्ये शिमानो मिनरल ऑइल वापरतं, स्रॅमच्या बऱ्याचशा ब्रेकमध्ये डॉट फ्लुइड असतं. चुकीचं तेल गेलं की आतली रबरं खराब होतात. विकणाऱ्याला "यात कुठलं तेल आहे" विचारा, "तेल म्हणजे तेल" असं उत्तर आलं तर चहा पिऊन घरी या.

डिस्कची पाती सहा बोल्टची आहे का मधल्या खाचेवर बसणारी सेंटरलॉक, हेही हबप्रमाणे बघावं लागतं. शिमानोच्या पातीवर किमान जाडी १.५ मिमी असं कोरलेलं असतं, वर्नियर लावा आणि त्याच्या जवळ आली असेल तर सोडा.

५. प्रत्यक्ष बघायला जाल तेव्हा

दिवसाउजेडी जा, शक्यतो तुमचं चाक किंवा जुना पार्ट बरोबर घेऊन, शेजारी ठेवून बघितलं की निम्म्या शंका तिथेच मिटतात.

चाक. ॲक्सल दोन्ही हातांच्या बोटांत धरून हळू फिरवा. बोटाला खरखर किंवा अडकल्यासारखं लागलं तर कोनवर (छर्रे ज्यावर फिरतात तो भाग) खड्डे पडलेत, नुसते छर्रे बदलून भागणार नाही. मग चाक फ्रेममध्ये लावून ब्रेकच्या पॅडजवळून फिरताना बघा, थोडं डावीकडे-उजवीकडे झुलत असेल तर काळजी नाही, आऊट काढून, म्हणजे आरे आवळून-सैल करून, सरळ करून मिळतं. पण रिम एका जागी वर-खाली उडत असेल तर ती खड्ड्यात आपटलेली आहे. सगळे आरे दोन-दोन करून दाबून बघा, एखादा ढिला पडलेला लगेच कळतो. रिम ब्रेकचं चाक असेल तर रिमच्या घासल्या जाणाऱ्या पट्टीवर बारीक खड्डा किंवा रेघ असते, ती पुसली गेली असेल तर रिमचं आयुष्य संपलं.

चेन घ्यायची नसली तरी मोजा, कारण तिच्यावरून कॅसेटची तब्येत कळते. स्टीलच्या पट्टीचं शून्य एका पिनच्या बरोबर मध्यावर ठेवा, चेन ताणून धरा. नवीन चेनमध्ये ती पिन सोडून पुढची २४ वी पिन १२ इंचांवर बरोबर येते. दीड मिलिमीटर पुढे गेली असेल तर चेन बदलायला झाली. तीन मिलिमीटर गेली असेल तर त्या चेनबरोबर फिरलेली कॅसेटही गेलीच समजा, नवीन चेन लावली की जोर दिल्यावर दातांवरून उड्या मारेल. कॅसेट नुसती हातात असेल तर ज्या चक्क्यांवर जास्त चालवलेलं असतं त्यांचे दात बघा, शार्कच्या पंखासारखे एका बाजूला टोकदार झाले असतील तर ठेवून द्या.

क्रँक. पेडल जिथे बसतं तिथले आटे बोट घालून बघा. गेलेले आटे हे क्रँक विकायला काढण्याचं नंबर एकचं कारण आहे.

डिरेलर. आडवा हातात धरून पिंजरा (चेन ज्यातून जाते तो खालचा भाग) वाकलाय का बघा. बरोबर हँगर (डिरेलर फ्रेमला जोडणारा तुकडा) देत असतील तर त्याला फार किंमत देऊ नका, तो फ्रेमप्रमाणे वेगळा असतो.

६. भाव आणि अदलाबदल

माझा हिशोब साधा आहे. नीट चाललेला पार्ट नव्याच्या निम्म्या किमतीपर्यंत, घासला जाणारा म्हणजे कॅसेट-डिस्क-टायर तिसऱ्या हिश्शाच्या वर नाही. नव्याची किंमत म्हणजे आज मिळतो ती, बिलावरची नाही, कारण बरेच पार्ट नंतर स्वस्तही झालेत.

अदलाबदलीत दोन्ही बाजूंचे भाव आधी वेगवेगळे ठरवा, मग वरून किती द्यायचे ते बोला. "तुझी सीट दे माझे पेडल घे" असं थेट केलं की आठवड्याने एकाला वाटतं आपण फसलो. आणि बसला नाही तर आठ दिवसांत परत, हे आधीच बोलून घ्या, चांगली माणसं कधी नाही म्हणत नाहीत.

विकताना एक ट्रॅप: समोरचा न बघताच भाव मान्य करतो आणि "क्यूआर पाठवतो, स्कॅन करून पिन टाका, पैसे येतील" म्हणतो. पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही, पिन टाकला की पैसे जातात. ब्लॉक करा आणि सोडून द्या.

७. चोरीचा माल

मंगळवार पेठेतल्या जुन्या बाजारात रविवारी आणि बुधवारी चक्कर मारायला मजा येते, पान्हे आणि सटरफटर सामान मिळून जातं. पण कुठूनही अख्खी सायकल किंवा नुसती फ्रेम घेत असाल तर नंबर बघितल्याशिवाय नाही. नंबर घासून काढलेला असेल, किंवा भारी गिअर सेट असलेली सायकल कोणी दोन हजारात देत असेल आणि तिच्या सीटची उंची सुद्धा त्याच्या पायाशी जुळत नसेल, तर समजून जा. चोरीचा माल आहे हे माहीत असताना, किंवा तसं वाटायला कारण असताना घेणं हा घेणाऱ्याचाही गुन्हा आहे, पूर्वी भादंवि ४११ होतं, १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचं कलम ३१७.

बिल नसेल तर निदान एका कागदावर नाव, फ्रेम नंबर, तारीख आणि सही घ्या. सरळ माणूस कुरकुर करत का होईना, देतो.

८. लावताना

डाव्या पेडलचे आटे उलटे असतात. पेडलवर एल-आर कोरलेलं असतं, ते बघा. सोडवताना लक्षात ठेवायला सोपं: पान्ह्याचा दांडा वरच्या बाजूला ठेवून मागच्या चाकाकडे ओढा, दोन्ही बाजूंचं पेडल सुटतं. लावताना आट्यांना ग्रीस, आणि पहिले चार-पाच फेरे बोटांनीच. बोटांनी जात नसेल तर तिरपं चाललंय, पान्हा हातात घेऊ नका.

सीटपोस्टला ग्रीस लावा, नाहीतर पुण्याच्या दोन पावसाळ्यांत तो फ्रेममध्ये असा जाम होतो की कापून काढावा लागतो. त्यावरची किमान खोलीची रेघ फ्रेमच्या आत गेलीच पाहिजे.

बॉटम ब्रॅकेट, क्रँक, हेडसेट (हँडल वळतं तिथले बेअरिंग) ही कामं पहिल्या वेळी दुकानात द्या. क्रँक काढायला पुलर लागतो, आणि बहुतेक सायकलींच्या बॉटम ब्रॅकेटची उजवी वाटी उलट्या आट्यांची असते, ती जोर लावून "सोडवणारे" प्रत्यक्षात घट्ट करत असतात. कोपऱ्यावरच्या सायकलवाल्या काकांकडे आऊट काढायला, छर्रे बदलायला जरूर जा, अंगठ्याने आरे चाचपून चाक सरळ करायची त्यांची नजर भल्याभल्या शोरूममध्ये नाही. तेलाचे डिस्क ब्रेक मात्र त्यांना देऊ नका, ते स्वतःच बहुतेक नको म्हणतात.

९. तुमच्याकडचं देताना

काढलेला पार्ट फडक्याने पुसून प्लॅस्टिकच्या पिशवीत घाला आणि आत चिठ्ठी टाका: कुठल्या सायकलचा, किती स्पीड, काय माप, का काढला. वर्षभराने तुम्हालाच आठवत नाही की हा ७ चा शिफ्टर आहे का ८ चा. छोटे बोल्ट, वायसर, स्पेसर त्याच पिशवीत. डिस्क ब्रेकचा कॅलिपर देत असाल तर दोन्ही बोल्टसकट द्या आणि पॅडच्या मध्ये पुठ्ठ्याचा तुकडा अडकवून द्या, म्हणजे वाटेत कोणी दांडी दाबली तरी पिस्टन बाहेर येणार नाही.